कललेलं चाक, पुसट हात

धामणगाव सुटलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्रभर मधल्या बर्थवर अंग मुडपून झोपल्यामुळे पाठ आखडली होती. खाली उतरून खिडकीशी बसलो. जानेवारीची थंडी, काळ्या रानावर धुक्याचा पातळ थर, त्यातून डोकं वर काढलेली पऱ्हाटी आणि तिच्यावर शेवटच्या वेचणीला उरलेली तुरळक पांढरी बोंडं. गाडीनं वर्धा नदी ओलांडली. इथं अमरावती जिल्हा संपतो, पुलगाव येतं आणि वर्धा जिल्हा लागतो. मी फोन आडवा धरला आणि खिडकीतून एक फोटो काढला.

पाहतो तर रुळांच्या कडेचे विजेचे खांब सगळे एकाच बाजूला कललेले. जणू रात्रीतून वादळ येऊन गेलं.

समोरच्या काकूंनी चहाचा कप सांभाळत डोकावून पाहिलं. "अगं बाई, खांब पडायला आले की काय?"

"खांब सरळच आहेत हो काकू. फोनला घाई झाली," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर बघून खांब सरळ असल्याची खात्री करून घेतली, मगच चहा संपवला.

फोनमधला सेन्सर सबंध चित्र एका झटक्यात टिपत नाही. वरच्या ओळीपासून सुरुवात करून एकेक ओळ वाचत तो खाली येतो. याला सेकंदाचा अगदी लहान अंश लागतो, पण तेवढ्यात आपली गाडी पुढे गेलेली असते. खांबाचा शेंडा जिथं टिपला, तिथंच त्याचा पायथा सापडत नाही. म्हणून खांब कलतो. फोन उभा धरला तर ओळींची दिशा बदलते. मग खांब सरळ दिसतात, पण जाडीत फसवतात. बरीच वर्षं मी हौशी मुलांना फोटोग्राफी शिकवतोय. पहिल्या दिवशी हा धडा द्यायचा असला की मी फोन बाजूला ठेवतो आणि शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा एक फोटो भिंतीवर दाखवतो. मोटारींच्या शर्यतीचा बहुधा जगातला सगळ्यात नावाजलेला फोटो आहे तो. काढणारा जाक-आँरी लार्तीग. तेव्हा एकोणीस वर्षांचा श्रीमंत घरचा फ्रेंच पोरगा.

फोटोत एक रेसची गाडी उजवीकडे सुसाट निघाली आहे, इतकी की तिचं नाक चौकटीच्या बाहेर गेलंय. मागच्या बाजूला ६ हा आकडा. आत दोन माणसं, चालक आणि मेकॅनिक. मागचं चाक गोल राहिलेलंच नाही. अंड्यासारखं लांबट होऊन पुढे झुकलंय. आणि रस्त्याच्या कडेचे प्रेक्षक आणि खांब उलट्या दिशेला, मागे रेललेत. गाडीच्या वाऱ्यानं माणसं मागे ढकलली गेली असावीत असं वाटतं. पुढे व्यंगचित्रकारांनी धावती गाडी काढताना चाकं पुढे झुकलेली दाखवली की आपल्याला वेग दिसतो. तो वेग या फोटोत आयता सापडतो.

त्यामागची करामत साधी. त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटपुढून एक पडदा सरकायचा आणि त्या पडद्यात एक आडवी फट असायची. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून फटीनं आधी जमीन टिपली, मग चाकाचा खालचा भाग, मग वरचा. वरच्या भागाची पाळी येईपर्यंत गाडी पुढे गेलेली. लार्तीगनं गाडीबरोबर कॅमेराही फिरवला, पण गाडी त्याच्या मनगटापेक्षा जलद होती. म्हणून गाडी पुढे झुकली आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीनं मागे पळणारे प्रेक्षक मागे. चांगल्या फोटोचे सगळे नियम मोडलेत: गाडी कापली गेली, चाक बिघडलं, माणसं वाकडी. कॅमेरा कमी पडला आणि त्या कमी पडण्यातूनच वेग दिसला.

या फोटोची आणखी एक गंमत मी मुलांना शेवटी सांगतो. लार्तीग सत्तरीला टेकेपर्यंत जगाला चित्रकार म्हणूनच थोडाफार ठाऊक होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन शारकोव्स्की यांनी त्याच्या लहानपणच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकानं त्याचे फोटो छापले. नेमक्या त्याच अंकात केनेडींच्या हत्येची बातमी होती, त्यामुळे तो अंक घरोघरी पोचला आणि राहिला. पण मोटारीच्या त्या फोटोखालची ओळ चुकीची होती. वर्षानुवर्षं तिथं १९१२ सालची शर्यत असं छापलं जात होतं. शर्यतींच्या नोंदींशी ताडून पाहणाऱ्यांनी पुढे दाखवून दिलं की फोटो १२ जुलै १९१३ चा, आमियाँ इथल्या शर्यतीचा आहे. गाडी श्नायडर कंपनीची आणि चालक रने क्रोके. म्हणजे स्वतः फोटो काढणाऱ्याच्या संग्रहातूनही एक वर्ष हुकलं. चाक कललं ते कॅमेऱ्यामुळे, आणि साल कललं ते माणसाच्या आठवणीमुळे.

मी वर्ध्याला निघालो होतो तो मात्र दुसऱ्याच एका फोटोग्राफरसाठी.

वर्धा जंक्शनबाहेर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतताना पोहेवाल्यानं विचारलं, "पुन्याचे का जी?" मी पाणी दोनदा मागितलं होतं, त्यावरून त्यानं ओळखलं असावं. सेवाग्राम तिथून आठेक किलोमीटर. सेवाग्राम नावाचं वेगळं स्टेशन आहे, पण दिल्ली–चेन्नई मार्गावरचं. मुंबईकडून येणारा माणूस वर्ध्यालाच उतरतो आणि ऑटो करतो.

ऑटोवाले भाऊ साठीचे. मफलर कानाला घट्ट. गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाले, "पट पाहाले आले का जी?"

"पट?"

"शंकरपट. बैलाईच्या शर्यती. या दिवसात फोटोवाले लय येतात ना."

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात हे मला ऐकून ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१४ मध्ये पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. भाऊंच्या वडिलांची जोडी पटात धावायची. मधली सात वर्षं कशी गेली हे सांगताना ते घरातलं कुणी गेल्यासारखं बोलत होते. सिग्नलला थांबले तेव्हा त्यांनी फोन काढून एक व्हिडिओ दाखवला. तळेगाव दशासरचा पट. धुळीतून एक जोडी सुटते, मागे हलक्या गाडीवर धुरकरी ओणवा उभा, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि सात-आठ सेकंदांत सगळं आपल्यासमोरून निघून जातं.

"थांबवा, थांबवा," मी म्हटलं. त्यांनी बोट टेकवून चित्र थांबवलं.

चाक कललेलं होतं. लाकडी आऱ्यांचं चाक, तिरकं होऊन लांबट झालेलं. मागची माणसं किंचित उलटीकडे. आमियाँची ६ नंबरची गाडी वऱ्हाडी बैलांना जुंपून माझ्यापुढे उभी केल्यासारखी. मी भाऊंना लार्तीगची गोष्ट सांगितली. त्यांनी मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजेपर्यंत ती नीट ऐकली.

"काहून जी, तवाबी असंच व्हायचं?" ते म्हणाले. "मले वाटलं माह्याच मोबाइलमधी बिघाड हाय."

"हा पट कोणत्या वर्षीचा?"

"मागच्या सालचा." थोड्या वेळानं म्हणाले, "मागच्याच."

सेवाग्रामच्या रस्त्याला दोन्हीकडे मोठाली झाडं आहेत. गावाचं जुनं नाव सेगाव. १९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून गांधीजी बाहेर पडले होते. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर सेगावात. पत्रं मात्र बुलढाण्याच्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी जाऊ लागली. टपालाचा हा घोळ मिटवायला १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. नावाची पाटी नीट लावली नाही तर माणूस एकीकडे आणि पत्र दुसरीकडे, हे इथं फार आधीच कळून चुकलं होतं.

आश्रमात शिरलं की पहिल्यांदा जाणवते ती उंची. म्हणजे तिचा अभाव. मातीच्या भिंती, बांबू, कौलं, आणि छप्पर इतकं खाली की माझ्यासारखा मध्यम उंचीचा माणूसही पडवीत वाकूनच शिरतो. पहिलं घर आदिनिवास. ते बांधताना गांधीजींनी जमनालालजींना अट घातली होती, असं इथं सांगतात: खर्च शंभर रुपयांच्या आत, सामान जवळपासचंच आणि कारागीर गावचेच. बापूकुटी मुळात मीराबेनची झोपडी. भिंतीवर त्यांनी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवलाय. सकाळच्या कोवळ्या उन्हात, आडव्या प्रकाशात ते उठाव नीट दिसतात. दुपारी दिसेनासे होतात. फोटोग्राफरनं इथं आल्यावर पहिली नोंद प्रकाशाची करावी. तो फार थोडा आहे. छोट्या खिडक्यांतून येतो, शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडतो आणि तिथंच मुरतो.

या एवढ्या उजेडात एका तरुणानं दहा-बारा वर्षं फोटो काढले. त्याचं नाव कनू गांधी. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचा हा मुलगा, जन्म १९१७. आश्रमात तो टपालाचं, हिशेबाचं, पडेल ते काम करायचा. फोटो काढ, असं त्याच्या मनात पहिल्यांदा भरवलं ते विनोबांचे भाऊ शिवाजीराव भावे यांनी. पण कॅमेऱ्याला पैसे कुठून आणायचे? बापूंनी आश्रमाच्या पैशातून कॅमेरा द्यायला साफ नकार दिला. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रीळ आलं.

शंभर रुपयांची झोपडी आणि शंभर रुपयांचा कॅमेरा. आश्रमाच्या अंगणात उभं राहून हे दोन आकडे शेजारी ठेवले की कॅमेरा किती महाग वस्तू होती ते कळतं, आणि तो नाकारणाऱ्याचं म्हणणंही.

कॅमेरा आला, पण तीन अटींसह. फ्लॅश वापरायचा नाही. बापू कुठल्याही फोटोसाठी थांबणार नाहीत, पोझ देणार नाहीत. आणि आश्रम यासाठी एक पैसाही खर्च करणार नाही. पुढे अमृत बाजार पत्रिकेनं फोटोंच्या मोबदल्यात काही पैसे सुरू केले, त्यातून रिळांचा खर्च निघू लागला.

मी कित्येक वेळा कनूंचे फोटो पुस्तकांतून पाहिलेत. सेवाग्रामच्या कार्यालयात फोनवर बोलणारे गांधीजी त्यांनीच टिपले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्यांच्याशी बोलता यावं म्हणून बसवलेला तो टेलिफोन अजून आश्रमात जपून ठेवलाय. डोक्यावर मातीची पट्टी ठेवून पडलेले, चालताना दोन्ही बाजूंच्या मुलींच्या खांद्यावर हात टेकलेले, रेल्वेच्या डब्यातून देणगीसाठी हात पुढे केलेले गांधीजी त्यांचेच. यातले बरेच फोटो शाळेच्या पुस्तकात माझ्यासमोर आले होते, पण खाली कनूंचं नाव क्वचितच असायचं. फोटो सगळ्या देशाचा झाला आणि फोटोग्राफर कुणाचाच राहिला नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या नझर फाउंडेशननं 'कनूज गांधी' हे पुस्तक काढलं तेव्हा कुठं अनेकांना कळलं की या सगळ्यामागे एकच डोळा होता.

त्यांच्या फोटोंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कुणाचा तरी हात पुसट झालेला असतो. कधी चेहऱ्याची कड विरघळलेली, कधी पुढून जाणाऱ्या माणसाची पाठ मध्येच आलेली. काही फोटो चक्क अंधारे आहेत. ज्यांना स्वच्छ, कोरीव फोटो हवा असतो ते याला चूक म्हणतील. मला वाटतं इथंच लार्तीग आणि कनू एकमेकांसमोर येतात. लार्तीगच्या कॅमेऱ्यात सरकता पडदा होता, म्हणून वेगानं वस्तू कलली. रोलायफ्लेक्सचं शटर भिंगातच असतं. पात्यांचं फूल एकदम उमलतं आणि मिटतं. सगळं चित्र एकाच वेळी टिपलं जातं, त्यामुळे कधीच काही कलत नाही. पण फ्लॅश नाही, रीळ त्या काळातलं मंद, आणि झोपडीत उजेड मूठभर. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसट झाला. आणि बापू तर थांबणार नाहीत असं आधीच ठरलेलं. त्या पुसट हातात अट दिसते. शटर उघडं असताना माणूस कामात होता, त्याचा तो पुरावा.

रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून आत पाहायचा असतो. आत चित्र डावी-उजवी उलटं दिसतं: माणूस डावीकडे निघाला की काचेवर तो उजवीकडे जातो. म्हणजे फोटो काढणारा मान खाली घालून उभा राहतो आणि समोरच्याकडे रोखून बघत नाही. या पडवीत शिरताना मान आपोआप खाली जाते. कनूंच्या बाबतीत ती दोनदा जात असणार, एकदा दारामुळे आणि एकदा कॅमेऱ्यामुळे.

बापूकुटीपासून थोड्या अंतरावर परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते, पण कुष्ठरोगामुळे वेगळे ठेवलेले. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. कुष्ठरोग्याला वस्तीत राहू द्यायचं की नाही यावर तेव्हा कुणाचंही मन डगमगलं असतं. गांधीजींनी त्यांना जवळच जागा दिली आणि रोज स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. कनूंनी १९४० मध्ये त्याचा फोटो काढला. उघड्या अंगाचे गांधीजी वाकून शास्त्रींचं अंग चोळतायत. कुष्ठरोगाविषयीच्या कितीतरी लेखांत, भिंतीवरच्या फलकांत आणि ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाच्या कार्यक्रमांत हा फोटो असतो. फोटो काढला तेव्हा तो कुणाला दाखवायला काढला नव्हता. रोजचं काम होतं आणि कनू तिथं होते, इतकंच. कुटीच्या पायरीशी मी बराच वेळ थांबलो. आत खाट आणि रिकामी जमीन. शास्त्री पुढे वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले, जिथं मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच कुष्ठधाम सुरू केलं होतं.

अटी कुणासाठी किती सैल होत्या, त्याचीही एक गोष्ट आहे. १९४६ मध्ये पुण्यात 'लाइफ'ची मार्गारेट बर्क-व्हाइट आली. तिला आधी चरखा शिकायला लावलं, मग तीन फ्लॅश-बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन फुकट गेले, तिसऱ्यात फोटो आला: पुढे मोठा चरखा, मागे बसलेले गांधीजी. तो फोटो चरख्याचा म्हणून जगभर गाजला. नीट पाहा, गांधीजी त्यात सूत काढत नाहीयेत, कात्रणं वाचतायत. चाक थांबलेलंच आहे. परदेशी पाहुणीला तीन बल्ब आणि घरच्या मुलाला एकही नाही, याचा कनूंना कधी राग आला असेल का, असं मनात आलं. उत्तर मागायला आश्रमात आता कुणी नव्हतं.

एकदाच बापूंनी कनूंना फोटोच काढू दिला नाही. फेब्रुवारी १९४४, पुण्याचं आगाखान पॅलेस, बापूंच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या कस्तुरबा. माझ्या घरापासून ते ठिकाण सायकलच्या अंतरावर आहे आणि मी मुलांना घेऊन अनेकदा तिथं गेलोय. न काढलेल्या त्या फोटोची जागा कुठं असेल हे मात्र मी कधी शोधलेलं नाही. आणि ३० जानेवारी १९४८ ला कनू नौखालीत होते. त्यांची पत्नी आभा दिल्लीत बापूंच्या शेजारी चालत होती. दहा-बारा वर्षं रोजचा दिवस टिपणाऱ्या माणसाला शेवटचा दिवस मिळाला नाही. त्याच दिवशी दुपारी फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिये-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेला होता.

एका पडवीत एक आजी पेटीचरख्यावर सूत काढत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, जाड काचांचा चष्मा. फोटो काढू का, असं विचारलं.

"काढा नं. पन मी थांबनार नाई," त्या म्हणाल्या. "थांबलं का सूत तुटते."

त्यांना कनूंच्या अटी कुणी सांगितल्या असतील असं वाटत नाही. मी कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद केला, शटर हातानं मंद केलं, श्वास रोखला. उजवा हात चाक फिरवत होता. माळ थरथरत होती आणि चाती इतकी जोरात फिरत होती की ती स्थिर वाटावी. डाव्या हातात पेळू. तो हात संथपणे मागे जायचा, चातीपासून लांब, खांद्याच्याही मागे. एवढं अंतर झालं की क्षणभर थबकायचा, चाक किंचित उलटं फिरायचं, आणि काढलेला धागा चातीवर गुंडाळत हात पुन्हा पुढे यायचा. मी बारा फोटो काढले. जुन्या रिळात तेवढेच निघायचे म्हणून. अकरा वाया गेले. एकात आजींचा चेहरा स्वच्छ आहे, चष्म्याच्या काचेत खिडकी दिसते, आणि डावा हात धुरासारखा मागे गेलाय. पेळू दिसत नाही. सूत मात्र दिसतं, एक उजळ रेघ.

त्यांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "हात कुठं गेला माह्या?"

"कामावर गेला," मी म्हटलं.

त्या हसल्या. हात थांबला नाही.

बाहेर १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. बकुळीखाली दोन मुलं एकमेकांचे फोटो काढत होती, उड्या मारत, हवेत असताना. मी पिंपळाच्या पारावर बसून हिशेब मांडला. १९१३ च्या जुलैमध्ये आमियाँला गाड्या धुरळा उडवत होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेत गांधीजी दोन हजारांवर खाणकामगार, बायका आणि मुलं घेऊन पायी ट्रान्सवालची सीमा ओलांडत होते. एका बाजूला सुसाट मोटारी आणि दुसऱ्या बाजूला पायी चालणारी माणसं. आमियाँचा वेग आणि सेवाग्रामचा संथपणा, दोन्ही फोटोत आले ते कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राहूनच. लार्तीगचा हात मोटारीला पुरा पडला नाही. कनूंच्या भिंगाला झोपडीतला उजेड पुरा पडला नाही. कुणाला सगळं मिळालं असतं, म्हणजे जलद पडदा, भरपूर उजेड, थांबणारा माणूस, तर दोन्ही फोटो सुबक झाले असते. सुबक फोटो मी शिकवताना रोज पाहतो. रात्री आठवत मात्र नाहीत.

परतीच्या वाटेवर भाऊ गोरसपाक घ्यायला थांबले. गायीच्या तुपातल्या त्या खुसखुशीत बिस्किटांशिवाय वर्ध्याहून कुणी घरी जात नाही, असं त्यांचं मत. ऑटोचं भाडं देताना शंभराच्या नोटा काढल्या. नोटेवरचे गांधीजीही एका फोटोतूनच आले आहेत. १९४६ मध्ये ते ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स यांच्या शेजारी उभे असताना काढलेल्या फोटोतून चेहरा कापून घेतलाय. तो फोटो कुणी काढला हे कुणालाच माहीत नाही. देशातला सगळ्यात जास्त छापला गेलेला फोटो आणि काढणाऱ्याचं नाव नाही. भाऊंना सांगितलं. त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली, नेहमीप्रमाणे, खरी आहे की नाही ते बघायला.

"मग तुमी तुमच्या फोटोवर नाव लिहिता का?" त्यांनी विचारलं.

"लिहितो. तारीखही."

"माह्या पटाच्या फोटोवरबी लिहा मंग." त्यांनी कललेल्या चाकाचं ते चित्र मला पाठवलं. मी त्यांच्यासमोरच खाली लिहिलं: शंकरपट, तळेगाव दशासर, मागच्या वर्षीचं साल. त्यांनी वाचून मान हलवली.

गाडी अंधारात वर्धा नदी ओलांडत होती तेव्हा फोन वाजला. पुलावर आवाज तुटक येत होता.

"साहेब, थो पट मागच्या सालचा नाई. त्याच्या आंधीच्या सालचा हाय. पोट्ट्यानं सांगतलं. बदलवून घ्या."

मी साल बदललं.